हॅलो चेक, पॅकेज चेक
(नवशिक्या साऊंडवाल्यांना नोकरी निवडण्यासाठी मार्गदर्शन)

तुम्ही बदनापूर तालुक्यातले आहात. आयटीआय झालं आहे, नाहीतर होता होता राहिलं आहे. लहानपणी तुम्ही घरातला बंद रेडिओ उघडला होता. तो पुन्हा जोडता आला नाही, पण तेव्हापासून गल्लीत तुमचं नाव 'इंजिनिअर' पडलं ते पडलंच. आता तुम्हाला साऊंडमध्ये नोकरी धरायची आहे आणि दोन-तीन ठिकाणांहून बोलावणंही आहे. पगार कुठं बरा, सवलती कुठं बऱ्या, राहण्या-खाण्याचं कुठं परवडेल, हे तुम्हाला तोलून बघायचं आहे.

तोला. मी आहे मदतीला. एकोणीस वर्षं या धंद्यात काढली, त्यातली पहिली पंधरा दोन्ही कानांनी.

आधी आपलं गाव किती मोक्याचं आहे ते लक्षात घ्या. पूर्वेला वीसेक किलोमीटरवर जालना, पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर संभाजीनगर. तिकडं लोखंडाच्या भट्ट्या, इकडं शेंद्र्याची एमआयडीसी, तालुक्यातून समृद्धी आणि गावातून रेल्वे. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, ती आपल्याच स्टेशनातून गेली. अजून जाते. थांबत नाही, एवढंच. संधी याच वेगानं जातात, म्हणून पुढच्या पायऱ्या फलाटावर उभं राहून वाचा.

पायरी १. आकडा नीट ऐका

माझी पहिली नोकरी फोनवर ठरली. मालकाच्या मागं जनरेटर चालू होता, माझ्या मागं वरात. मी विचारलं, "मालक, महिन्याचं काय धरायचं?" मला ऐकू आलं, "अठरा." आईनं देवापुढं साखर ठेवली. मामाला फोन गेला. मामानं आणखी चौघांना केला. महिना भरल्यावर हातावर नऊ हजार पडले.

"मालक, अठरा ठरले होते."

"अठरा कोण म्हणलं? आठ-दहा म्हणलं होतं म्या. मधला धरून नऊ दिले, तरी कामून कुरकुर करू लागला?"

आता 'अठरा' आणि 'आठ-दहा' हे दोन शब्द चालू जनरेटरशेजारी उभं राहून ऐका. फरक कळला तर तुम्ही या धंद्यात वाया जाणार, एवढे चांगले कान इथं कोणी मागितलेले नाहीत. नियम साधा आहे: पगाराचं बोलणं मशीन बंद असताना करावं. (अॅम्प्लिफायरला आपल्याकडं मशीन म्हणतात. पुण्या-मुंबईच्या मुलाखतीत म्हणू नका.) मशीन कधीच बंद नसतं, ही वेगळी गोष्ट.

लेखी मागा, असंही कोणी तुम्हाला सांगेल. मागून बघा. मालक दुखावतो. "तुला भावासारखं ठेवलं, अन् तू कागद मागू लागला?" भावासारखं ठेवणं म्हणजे काय, ते आपल्याकडं वाटणीच्या वेळी कळतं.

पायरी २. 'पगार किती?' याची चार उत्तरं पाठ करा

पगार हा एक आकडा असतो, ही शाळेत झालेली गैरसमजूत आहे. कोण विचारतंय त्यावर तो ठरतो.

सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी विचारलं, तर तुम्ही मजुरी करता आणि तीही मिळाली तर. धाकट्या बहिणीची शिष्यवृत्ती त्यावर अवलंबून आहे, त्यामुळं चेहराही तसाच ठेवा. बँकेत विचारलं, तर तुमचा व्यवसाय आहे आणि उलाढाल चांगली आहे. दुसऱ्या साऊंडवाल्यानं "सध्या कितीवर आहेस?" असं विचारलं, तर खऱ्यात तीन मिळवा. तोही मनातल्या मनात तीन वजा करतो, त्यामुळं कोणाची फसवणूक होत नाही. चौथं उत्तर सोयरिकीचं. त्याला पगार म्हणत नाहीत, पॅकेज म्हणतात, आणि पॅकेज वर्षाचं सांगतात, कारण महिन्याचं सांगितलं तर पाहुण्यांचा चहा गार होतो.

ही चार उत्तरं एकमेकांना भेटणार नाहीत याची काळजी घ्या. आमच्या एका जोडीदाराचं स्थळ पक्कं होत आलं होतं. पोरीच्या मामाला पॅकेज सांगितलं, मामानं मान डोलावली, आणि मग हळूच म्हणाले, "मागच्या जूनमध्ये तुमच्या दाखल्यावर मीच सही घेतली होती." मामा तहसीलमध्ये होते.

बायोडाटावर 'साऊंड इंजिनिअर' लिहा. पोरीचा बाप विचारेल, "म्हणजे डीजे?" तुम्ही म्हणा, "नाही, ऑडिओमध्ये आहे." तो म्हणेल, "म्हणजे डीजेच." वाद घालू नका. या माणसानं त्याच्या थोरल्या पोरीच्या लग्नात आवाज कमी आहे म्हणून तुमच्याच मालकाचे दोन हजार कापले होते, हेही काढू नका. मी हजारेक लग्नांत हॅलो-चेक केलं. माझ्या स्वतःच्या लग्नात माईक कोणी धरायचा यावर घरात खल झाला, कारण लग्न जमेपर्यंत मी चौतीस वर्षांचा झालो होतो आणि ओळखीतले सगळे ऑपरेटर मुंबईला गेले होते.

पायरी ३. गावातल्या नोकरीचा हिशेब घाला

कागद घ्या. समजा एका ऑर्डरचे तुम्हाला ७०० रुपये मिळतात. लग्न, हळद, बारसं, वाढदिवस आणि आता नवीनच निघालेला म्हशीचा वाढदिवस धरून वर्षाला ८५ ऑर्डरी. झाले ५९,५००. वर आठ सप्ताह, एकाचे ५,००० प्रमाणे ४०,०००. एकूण ९९,५००. बारानं भागा. ८,२९१ आणि वर काही पैसे.

म्हणजे मालक खरं बोलत होते. आठ-दहाच.

आता सवलती. मोठ्या कंपन्यांत हे काम एचआर नावाचं खातं करतं, आपल्याकडं वरबाप करतो. पहिली सवलत, जेवण. साऊंडवाला शेवटच्या पंगतीला बसतो, कारण आहेराची नावं तोवर चालू असतात. शेवटच्या पंगतीला वरण असतं, भात असतो, बुंदी संपल्याची बातमी असते. हिशेबात मात्र पूर्ण ताट धरा. दुसरी सवलत, टोपी-टॉवेल आणि नारळ. ८५ ऑर्डरींतल्या निम्म्या ठिकाणी जरी मिळालं, तरी वर्षाला चाळीसेक टॉवेल होतात. एका माणसाला वर्षात इतकं अंग पुसायचं नसतं, तेव्हा ते पुढच्या लग्नात आहेर म्हणून फिरवा. आमच्या घरातला एक टॉवेल दाभाडी, शेलगाव, बावणे पांगरी असा तीन गावं हिंडून परत मलाच मिळाला. कोपऱ्यातल्या सोल्डरच्या डागावरून ओळखला.

तिसरी सवलत, मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळं बागवाल्याच्या घरची ऑर्डर असेल तर "पैसे पुढच्या महिन्यात, आत्ता ही पिशवी ने" हे वाक्य मानांकित समजा.

प्रचाराच्या सभांचं वेगळं. तिथं दर दुप्पट असतो आणि वसुली निकालानंतर असते. पडलेला उमेदवार फोन उचलत नाही. निवडून आलेला उचलतो, पण तो आता तुमचा फोन आहे असं समजून उचलत नाही. नवशिक्यांनी दोन्ही बाजूंच्या सभा धराव्यात. अर्धे पैसे बुडतात असं वाटेल. पूर्ण बुडतात, पण दोन्हीकडं ओळख होते.

पायरी ४. पंचांग विकत घ्या

तुमच्या रजा, तुमचा बोनस आणि तुमची कपात पंचांगवाला ठरवतो. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू. चातुर्मासात लग्न नाही, पितृपक्षात तर फोनच वाजत नाही. गणपती-नवरात्रात आठ-दहा दिवस झोप नाही. बरं, सगळं वर्ष नीट मांडून ठेवलं तरी दर तीनेक वर्षांनी अधिक महिना येतो. २०२६ सालचा तर अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लग्नसराईत. बिनपगारी महिनाभराची रजा, वर जावयाला अनारसे. मालकाला म्हणून बघा, "मालक, अधिकाचा महिना आहे, काहीतरी अधिक द्या." मी म्हणून बघितलं आहे.

पायरी ५. कायदा समजून घ्या, कारण मालक समजून घेणार नाही

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आता ५५ डेसिबल म्हणजे किती? दोन माणसं समोरासमोर साधं बोलतात ते साठेक डेसिबल भरतं. म्हणजे आत्यानं ओट्यावरून "चहा टाकू का?" असं विचारलं की तिनं मर्यादा ओलांडली. वरातीच्या गाडीवर चार टॉप, चार बेस लावून हीच मर्यादा सांभाळायची जबाबदारी तुमच्यावर आहे.

रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. आता सप्ताहाचं वेळापत्रक बघा. काकडा पहाटे चारला. मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊला कीर्तन. महाराज रंगात आले की साडेअकरा. म्हणजे सप्ताहातला पहिला आणि शेवटचा कार्यक्रम नियमाबाहेर आणि मधले सगळे नियमात. तुम्ही अखंड हरिनामाचे सात दिवस मंडपात झोपता, काकड्याला उठून माईक उघडता आणि पुण्य कमावता. त्याच वेळी गुन्हाही कमावता. एका दगडात दोन सवलती.

परवानगी काढली आहे का, असं मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं: "साहेबांशी बोलणं झालंय." कोणत्या साहेबांशी, काय बोलणं, आणि साहेब काय म्हणाले, हे तीन प्रश्न विचारू नका. पोलिसांची गाडी येते तेव्हा मिक्सरवर ज्याचा हात असतो त्याचं नाव लिहितात. मालकाचा फोन त्या वेळी चार्जिंगला असतो. मी एकदा पहाटेपर्यंत बाकावर बसलो आणि सकाळी चहा मिळाला. चहाची किंमत सवलतींत धरली आहे.

पायरी ६. लाइट गेली आहे. जनरेटर चालू होईपर्यंत पायरी ७ वाचा.

पायरी ७. मुंबईचं पॅकेज उलगडा

अंधेरीतल्या एका स्टुडिओतून बोलावणं आलं आहे. डबिंग, मिक्सिंग, मालिकांचं काम. पॅकेज वर्षाला ३ लाख. हा आकडा गावात एकदा सांगितला की परत घेता येत नाही, म्हणून सांगण्याआधी मोजा.

३ लाख म्हणजे महिन्याला २५,०००. समजा मूळ वेतन निम्मं, १२,५००. त्यावर मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा बारा टक्के, १,५००. तो मालकाचा वाटा असला तरी तुमच्या पॅकेजातच मोजलेला असतो, जसं सासरच्यांनी दिलेलं भांडं आपणच मोजून ठेवतो. मग ग्रॅच्युइटीचे ६०१. ते मिळायला साधारण पाच वर्षं टिकावं लागतं. ज्या खुर्चीवर तुमच्याआधी वर्षात तीन जण बसून गेले, तिथं ही तरतूद किती मायेची आहे बघा. राहिले २२,८९९. त्यातून तुमचा स्वतःचा निधीचा वाटा पुन्हा १,५००, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, का ते विचारू नका, वर्षाचे अडीच हजार जुळवायचे असतात). हातात २१,१९९.

गावात तरीही तीन लाखच सांगा. निधी आणि ग्रॅच्युइटी समजावून सांगायला गेलात तर "याचे पैसे कापतात म्हणे, काहीतरी करून ठेवलं असेल" एवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

पगारी नोकरी नको, मालिकेच्या सेटवर रोजानं जाईन, असा विचार असेल तर तिथली रीत नव्वद दिवसांची आहे. आज बूम माईक धरा, पैसे तीन महिन्यांनी. बूमचा दांडा डोक्यावर दोन्ही हातांनी धरून बारा तास उभं राहायचं असतं. विठोबाचे हात तरी कमरेवर आहेत.

आता खर्च. समजा खोलीत चौथी कॉट ७,०००, मेस ५,०००, लोकलचा पास आणि रिक्षा १,८००, मोबाइल ३५०, चहा-वडापाव १,५००. बेरीज १५,६५०. रिक्षाचे थोडे जास्त धरा, कारण मिक्सिंग रात्री दोनला संपतं, शेवटची लोकल त्याआधीच गेलेली असते आणि मध्यरात्रीनंतर रिक्षाचं भाडं सव्वापट होतं. पहिल्या लोकलपर्यंत स्टुडिओच्या सोफ्यावर झोपलात तर ते वाचतात. याला मुंबईत 'घरच्यासारखं वातावरण' म्हणतात.

शिल्लक ५,५४९ रुपये.

पायरी ८. दोन्ही कागद शेजारी ठेवा

गावातल्या आठ हजार दोनशे एक्क्याण्णवातून मोबाइलचे ३५०, पेट्रोलचे १,२००, चहा-पाण्याचे १,००० काढा. राहिले ५,७४१. मुंबईत ५,५४९.

बदनापूर १९२ रुपयांनी जिंकलं. पेढे वाटा. पेढे १९२ रुपयांच्या आत बसवा.

आता तुमच्यातला एखादा हुशार विचारेल की गावाकडच्या हिशेबात जेवण-खोली कुठं आहे? बसा खाली. खोली बापाची आहे. जेवण आईच्या हातचं आहे. वरण ज्या तुरीचं आहे ती घरच्या दोन एकरांतली. बियाणंही गावचंच, आपल्या कृषी संशोधन केंद्रानं काढलेलं बीडीएन ७११, पांढरी तूर, लवकर येते, कमी पावसात तग धरते. गावचं नाव देशभरात पोचवणारा आवाज कुठला असेल तर तो या तुरीचा आहे, आपल्या बेसचा नाही. तर ती तूर, ती ज्वारी, ते लोणचं हे सगळं शून्य धरायचं असतं.

आणि मुंबईवाले फार शहाणे आहेत असं समजू नका. दर दोन महिन्यांनी ट्रॅव्हल्सच्या डिकीत एक पोतं अंधेरीला जातं. आत तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, आणि कुटाच्या डब्यात आईनं दुमडून ठेवलेले पाचशे रुपये. ते पोतं नसतं तर पाच हजार पाचशे एकोणपन्नासाचे किती राहिले असते, हे काढण्याच्या फंदात पडू नका. मी एकदा काढलं होतं. पोत्याची बाजारभावानं किंमत केली, खोलीचं भाडं लावलं, आईच्या दोन वेळच्या कामाचे खानावळीच्या दरानं पैसे धरले. दोन्ही कागदांवर उत्तर एकच आलं: स्टुडिओचा मालक आणि गावातला साऊंडवाला, दोघांचेही नोकर माझा बाप सांभाळतो, आणि त्याच्या तुरीला भाव मिळाला नाही की ऑडिओचा धंदा अडचणीत येतो. कागद फाडून टाकला. बापानं वाचला असता तर पोतं बंद झालं असतं.

म्हणून पोतं हिशेबात धरू नका.

(संभाजीनगरची नोकरी राहिली. मंगल कार्यालयात कायमचा ऑपरेटर, पगार दोन्हींच्या मधला, रोज ये-जा. कार्यक्रम बाराला आटोपतो, बस सकाळी. गादीच्या ढिगावर झोप चांगली लागते. झाली संभाजीनगरची नोकरी.)

पायरी ९. थोरामोठ्यांची उदाहरणं तोंडावर ठेवा

घरात कोणी "या धंद्यात काही राम नाही" म्हणालं, की लगेच सांगा: प्रभात कंपनीत आवाजाचं खातं विष्णुपंत दामले सांभाळायचे. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' बोलू लागला, त्या काळातली ही माणसं. पुढं फत्तेलालांच्या बरोबरीनं १९३६ चा 'संत तुकाराम' त्यांनीच केला. साऊंडवाला कुठवर जाऊ शकतो बघा! फक्त एक बारकावा सांगू नका. दामले कंपनीचे भागीदार होते. पगार आणि सवलती यांचा तोल साधायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे कंपनी आपलीच असणं.

त्याच प्रभातच्या आवारात १९६० पासून पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथं शिकलेल्या रसूल पूकुट्टी यांना २००९ साली 'स्लमडॉग मिलेनियर'च्या साऊंडसाठी ऑस्कर मिळालं. ही माहिती तुम्हाला नसली तरी मामाला असते. सप्ताहात रात्री अकराला माईक शिट्टी मारायला लागला की मामा शेजारच्याला सांगतो, "याच लाइनमधल्या एकाला ऑस्कर भेटलं." महाराज वळून बघतात.

सरकारी नोकरीचंही बघून ठेवा. आकाशवाणी, दूरदर्शन, महागाई भत्ता, रजेचा हिशेब, आणि आवाज मर्यादेत. जागा निघतात तेव्हा कंत्राटी निघतात, पण अर्ज भरल्याची पावती जपून ठेवा. "आकाशवाणीचं चालू आहे" या एका वाक्यावर आमच्याकडं तीन सोयरिकी दोन वर्षं लांबल्या आहेत.

पायरी १०. स्वतःच मालक व्हा

कर्ज काढा, मशीन घ्या, टॉप-बेस घ्या, जुना टेम्पो घ्या. पहिल्याच महिन्यात डीजेवर बंदीचा आदेश येतो. हप्ता येतच राहतो, त्यावर बंदी नाही. मग तुम्हीही एक पोरगा ठेवा आणि जनरेटरशेजारून फोनवर त्याला आठ-दहा सांगा.

पायरी ११. आरोग्य सवलत

ही पायरी सगळे शेवटी वाचतात. मीही तशीच वाचली.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यासाठी निओश नावाची सरकारी संस्था आहे. तिचा हिशेब असा: ८५ डेसिबलमध्ये माणसानं दिवसाला आठ तास काम करावं. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला पंधरा मिनिटं. वरातीत गाडीच्या मागं चालणाऱ्याला शंभर म्हणजे सुरुवात असते. म्हणजे नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला पोचेपर्यंत तुमची आजची ड्युटी संपलेली असते. पुढचे चार तास ओव्हरटाइम. ओव्हरटाइम कानातून वळता होतो आणि त्याची पावती रात्री मिळते. पडल्यावर कानात बारीक घूं चालू होतं, जसं लाइट असताना मशीन उगाच गुणगुणतं. ते बंद करायचं बटण मी चार वर्षं शोधतो आहे.

घाबरू नका, तरतूद आहे. कामगार भरपाईच्या कायद्यात आवाजामुळं येणारं बहिरेपण हा धंद्यातला आजार म्हणून नोंदलेला आहे. भरपाई मागण्यासाठी तुम्ही कोणाचे तरी नोकर आहात हे दाखवावं लागतं. पायरी १ मधला कागद काढा.

दोन रुपयांचा कापूस घातला तर थोडं वाचतं, फोमचे बोळे घातले तर बरंच. पण कानात बोळे घातलेला साऊंडवाला पाहून वरबाप म्हणतो, "आवाज कमी कर, तुलाच सहन होईना." आणि मग मालक म्हणतो, "काढ ते, ऑर्डर जाईल." नवशिक्यांनी केस वाढवून बोळे झाकावेत. मी त्या वयात टक्कल पडायच्या घाईत होतो.

मागच्या उन्हाळ्यात जालन्याला कान तपासून घेतला. हे मात्र एकदा जाऊन बघा, तुमच्या हिताचं आहे. काचेची छोटी खोली, भिंतीला मऊ अस्तर, बाहेरचा आवाज आत येत नाही. समोर तिशीतला एक पोरगा बसलेला, त्याच्यापुढं मशीन, मशीनला गोल बटणं. माझ्या कानाला हेडफोन लावून म्हणाला, "आवाज आला की हे दाबायचं." मी दाबायला तयार बसलो. बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं पिन निघाली असेल, एकोणीस वर्षांची सवय. वाकून केबल बघायला लागलो तर तो हातानं 'बसा' म्हणाला.

मग कागद दाखवला. आलेखाची रेघ चार हजारापाशी खड्ड्यात जाते. तो समजावत होता, मी त्याच्याकडं बघत होतो. पंखा चालू, खुर्चीला पाठ, भिंतीवर घड्याळ, दहा ते पाच. केबल गुंडाळायची नाही, टेम्पोत चढायचं नाही, पोलीस नाहीत, बुंदी नाही. हाही ऑडिओचाच टेक्निशियन. ही लाइन मला कोणी कशी सांगितली नाही?

निघताना दारातून विचारलं, "भाऊ, पगार किती हो इथं?"

तो मशीन पुसत होता, मान खाली. काहीतरी म्हणाला.

मला ऐकू आलं, अठरा. नाहीतर आठ-दहा.